तळाशी साठलेला फॉस्फरस: मिनेसोटातील आमच्या तळ्यावरच्या ॲलम-प्रक्रियेचा अनुभव

ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांच्या पश्चिमेला असलेल्या एका उपनगरात, जेमतेम नव्वद एकरांच्या तळ्याकाठी आमचे घर आहे. या तळ्याच्या गाळातील फॉस्फरस ॲलम या तुरटीच्या जातीच्या रसायनाने जखडून टाकण्याचे काम २०१७ मध्ये चर्चेला आले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतरचे उन्हाळेही आता पाहून झाले आहेत. रहिवाशांच्या समितीत मी पहिल्या दिवसापासून होते. माझा पेशा हिशेब तपासण्याचा असून रसायनशास्त्राशी संबंध बारावीनंतर सुटलेला होता, त्यामुळे सुरुवातीला अहवालातले एक पान समजून घ्यायला संध्याकाळ पुरत नसे. अमेरिकेत तळ्याकाठी राहणारी बरीच मराठी कुटुंबे आता आपापल्या लेक असोसिएशनमध्ये सक्रिय आहेत आणि त्यांच्यापैकी काहींनी या कामाविषयी विचारले, म्हणून घडले तसे क्रमाने लिहीत आहे.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये पाण्यावर हिरव्या रंगाचा जाड थर आला. काठाशी तो रंगाच्या डब्यातून सांडल्यासारखा दिसत होता आणि दुपारच्या उन्हात त्याला कुजका वास येत होता. हे साधे शेवाळ नव्हते. ज्यांना नील-हरित शेवाळ म्हणतात ते हे सायनोबॅक्टेरिया असून, त्यांच्या काही जाती विष तयार करतात आणि असे पाणी प्यायल्यामुळे कुत्री दगावल्याच्या घटना या राज्यात घडलेल्या आहेत. त्यामुळे काठावर सूचनाफलक लागले आणि मुलांचे पोहणे बंद झाले. आमचे तळे राज्याच्या दूषित जलाशयांच्या यादीत आधीपासूनच होते. आमच्या भागातील खोल तळ्यांसाठी राज्याने उन्हाळी सरासरी एकूण फॉस्फरसची (शेवाळ यावरच पोसते) मर्यादा लिटरला ४० मायक्रोग्रॅम अशी ठरवलेली आहे, आणि आमची सरासरी ७० च्या घरात होती.

कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की बाहेरून येणारा फॉस्फरस तोपर्यंत बराच कमी झालेला होता. हिरवळीवर फॉस्फरसयुक्त खत टाकण्यावर निर्बंध आणणारा कायदा मिनेसोटाने २००२ मध्ये केला आणि २००५ पासून तो राज्यभर लागू झाला. रस्त्यांवरचे पावसाचे पाणी ज्या दोन साठवण-तळ्यांतून आमच्याकडे येते, त्यांतला गाळ काढून झाला होता. एका नाल्याच्या तोंडाशी वाळूत लोखंडाचा कीस मिसळून केलेली गाळणीही बसवली होती. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेत विकसित झालेल्या या पद्धतीत पाण्यात विरघळलेला फॉस्फरससुद्धा गंजलेल्या लोखंडाला चिकटून राहतो. एवढे सगळे होऊनही दर ऑगस्टमध्ये पाणी हिरवे होतच होते, आणि खर्च वाया गेला असे लोक उघडपणे बोलू लागले होते.

वॉटरशेड डिस्ट्रिक्ट ही इथली पाणलोट क्षेत्राचा कारभार पाहणारी आणि स्वतःचा कर लावू शकणारी स्थानिक संस्था आहे. तिच्या तज्ज्ञ बाईंनी त्या हिवाळ्यात सभा घेऊन याचे कारण समजावले. उन्हाळ्यात खोल तळ्याचे दोन थर होतात. वरचे कोमट पाणी हलके असल्याने वरच राहते, खालचे थंड पाणी त्यात मिसळत नाही, आणि तळाशी कुजणाऱ्या पदार्थांमुळे त्या थंड थरातला प्राणवायू जूनअखेर संपतो. प्राणवायू असताना गाळातले लोह फॉस्फरसला धरून ठेवते. तो संपला की लोहाचे रूप बदलते, ते विरघळते, आणि त्याने धरलेला फॉस्फरस पाण्यात सुटतो. म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वी आसपासच्या शेतांतून आणि गोठ्यांतून वाहून आलेला फॉस्फरस तळाशी साठून राहिलेला होता आणि दर उन्हाळ्यात त्यातला थोडा वर येत होता. एक पौंड फॉस्फरस सुमारे पाचशे पौंड शेवाळ पोसू शकतो, हे त्यांचे वाक्य सभेतल्या सर्वांच्या लक्षात राहिले.

फॉस्फरसच का, नायट्रोजन का नाही, असे एका गृहस्थांनी विचारले. उत्तरादाखल तज्ज्ञ बाईंनी आमच्या राज्याच्या उत्तरेला, कॅनडातल्या वायव्य ऑन्टारिओत असलेल्या ‘लेक २२६’ चे हवाई छायाचित्र दाखवले. डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये या तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले होते. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातले, पण फॉस्फरस फक्त एका बाजूला घातला, आणि तीच बाजू हिरवीगार झाली. ते छायाचित्र पाहिल्यानंतर सभेत तो प्रश्न पुन्हा कोणी काढला नाही.

यानंतरचा टप्पा गाळाचे नमुने घेण्याचा होता. इकडे हे काम बहुधा हिवाळ्यात करतात, कारण गोठलेल्या तळ्यावर उभे राहून नळी सरळ खाली सोडता येते. २०१८ च्या फेब्रुवारीत एका सकाळी आम्ही समितीतले काही जण पाहायला गेलो. बर्फाला भोक पाडून दोरीला बांधलेली पारदर्शक ॲक्रिलिकची नळी खाली सोडली, ती गाळात स्वतःच्या वजनाने रुतली, आणि वर ओढली तेव्हा तिच्यात सुमारे हातभर लांबीचा गाळाचा अखंड दंडगोल होता. वरचा काही इंचांचा भाग काळा, दह्यासारखा थलथलीत, आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास. खालचा भाग करडा आणि घट्ट. तज्ज्ञ बाईंनी हातमोजा घातलेल्या बोटाने त्या काळ्या भागाकडे निर्देश करून सांगितले की आपला सारा प्रश्न एवढ्या वरच्या थरात आहे. तळ्याच्या वेगवेगळ्या खोलींवरून असे नमुने घेतले गेले. तुमच्याकडे हे काम निघाले, तर नमुने एकाच ठिकाणचे नकोत असा आग्रह जरूर धरा, कारण सर्वांत खोल जागेचा गाळ आणि उताराचा गाळ यांत फार फरक असतो आणि ॲलमची पुढची सगळी मात्रा त्यावरच ठरते.

प्रयोगशाळेत काही नळ्या प्राणवायूविना ठेवून गाळातून किती फॉस्फरस सुटतो ते मोजले. तो दर चौरस मीटरला दिवसाकाठी सहा-सात मिलिग्रॅम निघाला. उरलेल्या नळ्यांचे पातळ काप करून लोहाला चिकटलेला फॉस्फरस किती, सहज कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांतला किती, आणि खनिजरूपाने कायमचा अडकलेला किती, हे वेगवेगळे काढले. पहिले दोन प्रकारच पाण्यात येऊ शकतात आणि ॲलमची मात्रा त्यांच्यावरच बेततात. उन्हाळ्यात पाण्यात येणाऱ्या फॉस्फरसपैकी निम्म्याहून अधिक तळातून येतो, हा निष्कर्ष सप्टेंबरच्या अहवालात आला. त्या सात महिन्यांत लोकांचा धीर सुटत चालला होता. दर महिन्याला एक छोटेसे पत्रक काढून ‘अहवाल अद्याप आलेला नाही, पुढच्या महिन्यात अपेक्षित आहे’ एवढे जरी कळवले तरी तक्रारी निम्म्या होतात, हे आम्हाला तेव्हा उमगले.

अहवालात पर्याय अनेक होते. सगळा गाळ उपसण्याचा खर्च कित्येक पटींनी जास्त होता, आणि तो टाकायचा कुठे हा प्रश्न वेगळाच होता. तळाशी हवा सोडण्याच्या यंत्रणेला विजेचा आणि देखभालीचा खर्च कायमचा लागला असता. लँथनम मिसळलेली बेंटोनाइट माती हा पर्याय ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेत १९९० च्या दशकात विकसित झाला आणि तो चांगला असला तरी आमच्या आकाराच्या तळ्याला महाग पडत होता. उरले ॲलम, म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट. ते पाण्यात पडले की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पांढरे, कापसासारखे पुंजके होतात. ते खाली बसताना पाण्यातला फॉस्फरस सोबत नेतात आणि तळावर थर धरतात. आपल्याकडे गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटी फिरवत असत, त्याच जातीची ही क्रिया आहे. मात्र पाणी नितळ करणे हा इथे दुय्यम लाभ असून खरे काम त्या तळाच्या थराचे असते. लोह प्राणवायू संपताच फॉस्फरस सोडते, ॲल्युमिनियम तसे सोडत नाही, आणि सगळी मदार या एका फरकावर आहे.

या पद्धतीत नवीन काही नव्हते, आणि त्याचा आम्हाला मोठा आधार वाटला. शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या हॉर्सशू लेकवर १९७० मध्येच ती वापरली गेली होती. मिनियापोलिसच्या सीडर लेकवर १९९६ मध्ये आणि हॅरिएट व बदे माका स्का (तेव्हाचे लेक कॅल्हून) या तळ्यांवर २००१ मध्ये ॲलम टाकलेले होते. त्यांच्या काठांवरून आम्ही सगळेच वर्षानुवर्षे फिरत आलो होतो. हे किती टिकते, याचे उत्तर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ११४ तळी तपासणाऱ्या एका अभ्यासात मिळाले: उन्हाळ्यात पाण्याचे दोन थर होणाऱ्या खोल तळ्यांत सरासरी २१ वर्षे, तर वाऱ्याने सतत ढवळल्या जाणाऱ्या उथळ तळ्यांत सहा वर्षांहूनही कमी. तुमचे तळे उथळ असेल तर एवढा एक आकडा समितीसमोर सर्वांत आधी ठेवा.

आमच्या तळ्यासाठी पंधरा फुटांहून खोल असलेल्या सुमारे पन्नास एकरांवर, दर चौरस मीटरला ८० ग्रॅम ॲल्युमिनियम एवढी मात्रा सुचवली गेली. द्रवरूप ॲलमच्या हिशेबात ते सत्तर हजार गॅलनांहून थोडे अधिक होते. ते एकदम न देता दोन निम्म्या मात्रांत, मध्ये दोन वर्षे ठेवून द्यावे असे ठरले, आणि त्याची कारणे मला पटली. ॲलम पाण्यात मिसळताना आम्ल तयार होते. पाण्याचा सामू (पीएच) ६ च्या खाली गेला तर ॲल्युमिनियम विरघळलेल्या रूपात राहते आणि माशांना घातक ठरते. आमचे पाणी जड आहे, म्हणजे त्यात आम्ल पचवण्याची ताकद चांगली आहे, त्यामुळे निम्मी मात्रा त्याला सहज झेपणार होती. मऊ पाण्याच्या तळ्यांत सोबत सोडियम ॲल्युमिनेट घालून सामू सांभाळावा लागतो आणि त्याने खर्च वाढतो. शिवाय ताज्या पुंजक्यांची फॉस्फरस पकडण्याची क्षमता वयानुसार घटते, म्हणून टप्प्याने दिलेली मात्रा अधिक उपयोगी पडते. त्याआधी कार्प माशांची गणती करून घेण्यात आली, कारण ते गाळ उकरून खातात आणि त्यांची संख्या मोठी असेल तर वरचा थर टिकत नाही. आमच्याकडे ती सुदैवाने कमी निघाली.

जनसुनावणी एप्रिल २०१९ मध्ये झाली. मला तिची धास्ती होती, कारण आदल्या आठवड्यात ‘तळ्यात रसायन ओतणार’ अशी पत्रके घरोघरी पडली होती. विरोध करणारी माणसे वाईट नव्हती; त्यांना तळ्याची माझ्याइतकीच काळजी होती. ॲल्युमिनियम आरोग्याला घातक नाही का, असे एका आजींनी विचारले. त्यांना सांगितले गेले की पृथ्वीच्या कवचात सर्वाधिक आढळणारा धातू हाच आहे, तळाच्या गाळात तो आधीपासून भरपूर आहे, आणि नळाचे पाणी शुद्ध करणाऱ्या कित्येक केंद्रांत हेच ॲलम रोज वापरले जाते. मासेमारी करणाऱ्या एका काकांचा प्रश्न अधिक नेमका होता: तळातल्या किड्यांचे काय? त्यांना प्रामाणिक उत्तर मिळाले की काही काळ त्यांची संख्या घटू शकते आणि पुढे ती सावरते. तोटा लपवला नाही, त्यामुळेच सभेचा सूर बदलला असे मला मनापासून वाटते. अशा सभेला आकडे घेऊन जा, पण अडचणीही स्वतःहून सांगा.

दोन्ही मात्रा, देखरेख आणि चाचण्या मिळून अंदाज दोन लाख चाळीस हजार डॉलरचा होता. मिनेसोटाच्या मतदारांनी २००८ मध्ये घटनादुरुस्ती करून विक्रीकर एक टक्क्याच्या तीन-अष्टमांशाने वाढवला आणि त्यातला एक हिस्सा स्वच्छ पाण्याच्या निधीसाठी राखून ठेवला. आमचा अर्ज त्याच निधीसाठी होता. तो ऑगस्टमध्ये गेला. बाहेरचा फॉस्फरस आधी कमी केल्याचे पुरावे, म्हणजे साठवण-तळ्यांची बिले, गाळणीच्या चाचण्या आणि नाल्यांच्या पाण्याचे आकडे, हे त्या अर्जाचे सर्वांत जाड प्रकरण होते. तुमच्याकडे ही कागदपत्रे नसतील तर गाळाच्या कामाकडे वळूच नका, कारण वरून नवा फॉस्फरस येत राहिला तर तो या थरावर साचत जातो आणि केलेला खर्च थोड्याच वर्षांत गाडला जातो. डिसेंबरमध्ये मंजुरी आली. उरलेला वाटा वॉटरशेड डिस्ट्रिक्टच्या करातून आणि असोसिएशनच्या वर्गणीतून उभा राहिला.

२०२० च्या वसंतात काम व्हायचे होते. कोविडमुळे निविदा लांबली आणि आम्ही ऑक्टोबरवर आलो. निविदेत एक अट आम्ही आग्रहाने घालून घेतली होती: पैसे फेऱ्यांवर नव्हे, तर प्रत्यक्ष पसरलेल्या गॅलनांवर, टँकरच्या वजनपावत्या तपासून द्यायचे. हिशेबाचा पेशा या एका ठिकाणी कामी आला.

कामाच्या पहिल्या दिवशी पहाटेच टँकर बोटी उतरवण्याच्या उतारावर येऊन उभा राहिला. द्रवरूप ॲलम फिकट पिवळसर दिसते आणि हाताला लागले तर चिकट वाटते. जाड पाइपातून ते बार्जवरच्या (सपाट तळाच्या बोटीवरच्या) टाक्यांत भरले जाई, मग बार्ज जीपीएसच्या पडद्यावर आखलेल्या रेषांवरून संथ गतीने जाई, आणि मागच्या आडव्या दांडीला लोंबणाऱ्या नळ्यांतून ॲलम पाण्याच्या पृष्ठभागाखाली सुटत असे. बार्जच्या मागे दुधाळ पट्टा उमटे. मी काठावर काचेच्या बरणीत ते पाणी घेऊन ठेवले होते. आधी नुसते धुरकट, मग बारीक कण, मग त्यांचे एकमेकांना धरून झालेले हलके पुंजके, आणि तासाभरात बरणीच्या तळाशी बोटभर पांढरा थर आणि वर आरपार दिसणारे पाणी. दुसऱ्या एका छोट्या बोटीतून एक तरुण ठरावीक वेळाने सामू मोजत होता आणि आकडे किनाऱ्यावरच्या फळ्यावर लिहिले जात होते. तो ७ च्या खाली एकदाही गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा वाढला आणि काम थांबवावे लागले. वाऱ्यात पुंजके ठरलेल्या जागेवरून वाहून जातात, म्हणून करारात वाऱ्याची मर्यादा लिहिलेली होती, आणि ठेकेदाराने ती कुरकुर न करता पाळली. चौथ्या दिवशी उतार धुऊन मोकळा झाला.

२०२१ च्या जूनमध्ये सेक्की तबकडी खाली सोडणे हा आमच्याकडे सोहळाच झाला. वीस सेंटिमीटर व्यासाची ही काळी-पांढरी तबकडी दोरीने सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. राज्याच्या कार्यक्रमात शेकडो स्वयंसेवक हे काम करतात. पूर्वी ऑगस्टमध्ये ती एका मीटरच्या आतच हरवत असे. त्या वर्षी ती दोन मीटरांच्याही खाली दिसत राहिली. काठावर नातवाला घेऊन उभ्या असलेल्या त्याच आजींनी दोरीवरची खूण स्वतः पाहिली, आणि मला भरून आले.

पण त्याच उन्हाळ्यात नवी तक्रारही सुरू झाली. ऊन खोलवर पोचू लागल्याने पाणवनस्पती वाढल्या आणि बोटींच्या पंख्यांत गुरफटू लागल्या. त्यातल्या बऱ्याच देशी आणि माशांना आसरा देणाऱ्या आहेत. कर्ली-लीफ पाँडवीड ही परकी वनस्पती मात्र जूनअखेर मरून कुजते आणि स्वतःतला फॉस्फरस पाण्यात सोडते, म्हणून तिच्यापुरती वेगळी परवानगी घेऊन उपाय करावा लागला. त्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकात धरलेला नव्हता. पाणी स्वच्छ झाले की वनस्पती वाढणारच, हे रहिवाशांना आधीच लेखी सांगा आणि त्यासाठी दोन-तीन वर्षांची तरतूद वेगळी ठेवा.

दुसऱ्या मात्रेआधी पुन्हा गाळाचे नमुने घेतले. पांढरा थर आता वरच्या काळ्या गाळात मिसळून गेला होता, आणि त्या कापांत लोहाला चिकटलेला फॉस्फरस घटून ॲल्युमिनियमला चिकटलेला वाढलेला दिसला. म्हणजे तो खरोखरच एका धातूकडून दुसऱ्याकडे गेला होता. त्या निकालावरून दुसरी मात्रा किंचित कमी करता आली आणि थोडे पैसे वाचले. ऑक्टोबर २०२२ चे काम विनाअडथळा झाले.

कोल्हापूरचे नातेवाईक रंकाळ्यासाठी हे करता येईल का, असे दर फोनला विचारतात. रंकाळ्याचे हिरवे पाणी आणि जलपर्णी मीही पाहिलेली आहे, आणि माझा जीव त्या तलावात गुंतलेला आहे. त्यांना मी हेच सांगते की जोवर सांडपाण्याचा एकही नाला तलावात येतो, तोवर सगळा पैसा आणि सगळा आग्रह त्या नाल्यावर खर्च करा. गाळाचा विचार त्यानंतरचा.

सध्या आमची उन्हाळी सरासरी ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. मे ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पाण्याचे नमुने घेतले जातात, वरचे आणि तळालगतचे वेगवेगळे, कारण थर कमकुवत होऊ लागला तर त्याची पहिली खूण तळालगतच्या पाण्यात दिसते. साठवण-तळ्यांतला गाळ पुन्हा काढण्यासाठी आणि लोखंडी कीस घातलेल्या गाळणीची वाळू बदलण्यासाठी असोसिएशन दरवर्षी वर्गणीतला ठरावीक भाग बाजूला ठेवते. गाळाचे पुढचे नमुने २०२७ च्या फेब्रुवारीत, बर्फ पुरेसे जाड झाले की घ्यायचे ठरले आहे.